अण्णांचा हळू आवाज

अण्णांच्या घशाचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं, म्हणून त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही फोनचा लिलाव केला. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहील, पण आमच्या घरात हे अगदी सरळ वाक्य आहे.

अण्णा माझे आजोबा. 'आजोबा' म्हटलेलं त्यांना चालत नाही, एकदम मोडीत काढल्यासारखं वाटतं म्हणतात, म्हणून अख्खं घर त्यांना अण्णाच म्हणतं. धंदा लिलावाचा. खाली हॉल, वर घर. दर रविवारी सकाळी हॉलमध्ये जुन्या सामानाचा लिलाव होतो आणि जे विकलं जात नाही ते जिना चढून आमच्याकडे राहायला येतं. त्यामुळे आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती एकासारखी एक खुर्ची नाही, आणि बाहेरच्या खोलीतल्या आरशात आम्ही सगळे बारीक दिसतो. "हा आरसा कोणी घेतला नाही?" आत्या दर वेळी विचारते. "लोकांना डोळे नाहीत का?"

घरातली भांडणंही लिलावानेच मिटतात. ही रीत आजीची. तिची तिन्ही मुलं खिडकीजवळच्या गादीवरून रोज एकमेकांच्या झिंज्या उपटायची, तेव्हा ती अण्णांना म्हणाली, "दिवसभर लोकांच्या खुर्च्या पुकारता ना, आता ही गादी पुकारा." बोली पैशांची नाही, कामाची. माझ्या बाबांनी आठवडाभर केर काढायची बोली लावली, आत्याने भांडी म्हटली, आणि काकाने, म्हणजे तिघांतल्या थोरल्याने, थेट सांगितलं, "वर्षभर सगळ्यांचे बूट पुसीन." अण्णांनी हातोडी आपटली. काकाने खरंच वर्षभर बूट पुसले. मला हे सगळं इतक्यांदा सांगितलं गेलंय, की मी तिथे होते असंच मला वाटतं.

आता त्या काकाचंच, बाबा आणि आत्या ज्याला भाऊ म्हणतात. तो लांब राहतो, इतका लांब, की आपली दुपार ती त्याची सकाळ. तिथे तो उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. आणि बरेच महिने तो फोन करत नव्हता. वाढदिवसाला टाइप केलेलं एक वाक्य यायचं, त्याच्यापुढे एक केकचं चित्र. बस.

कारण अण्णा फोनवर ओरडतात. माणूस जितका लांब, तितका आवाज चढा. काकासाठी तर ते पोटापासून आवाज काढत. शेवटच्या कॉलमध्ये त्यांनी फक्त "जेवलास का?" विचारलं होतं, पण असं विचारलं, की समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन खिडक्या उघडल्या. पलीकडून काका म्हणाला, "अण्णा, भांडायचंच असेल तर मी नंतर करतो." ते 'नंतर' कधी आलंच नाही.

आणि डॉक्टरांनी बजावलं होतं: गुरुवारपर्यंत आवाज चढवायचा नाही. अगदी नाही. गाठ स्वरयंत्रावरच आहे. नंतर बरेच दिवस बोलायचं नाही आणि मग जो आवाज येईल तो कसा असेल, ते तेव्हाच कळेल.

"म्हणजे हा आवाज गुरुवारपर्यंतच," अण्णा घरी आल्यावर म्हणाले. आवाज आधीच खरवडल्यासारखा झाला होता. "त्याच्याशी एकदा याच आवाजात बोलायचंय. आणि ऑपरेशनचं कोणी त्याला कळवायचं नाही. मी सांगीन."

"कसं सांगाल?" आई म्हणाली. "हॅलो म्हणण्यातच तुमचा घसा जाईल."

म्हणून इंटरनेटवरून बोलायला असं काहीतरी आणायचं ठरलं, ज्यात अण्णांना ओरडावं लागणार नाही. एवढंच. आणि या 'एवढंच'ची तीन जणांनी तीन उत्तरं आणली.

रविवारचा लिलाव आटोपला होता. हॉलमधले बाक रिकामे होते, फरशीवर चिठ्ठ्यांचे कपटे पडले होते, आणि अण्णा त्यांच्या उंच खुर्चीवर गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते. सकाळचा लिलाव बाबांनी पुकारला होता आणि तो तसा वाईटच झाला होता. बाबांचा आवाज मऊ आहे. दर थोड्या वेळाने मागून कोणीतरी विचारी, "काय म्हणालात?"

आत्या आली ती पिशवी वर धरूनच. ती विमान कंपनीच्या चौकशी कक्षात काम करते, दिवसभर कानाला हेडसेट. "आता सगळे गप्प. या विषयात माझा हात कोणी धरायचा नाही. हा बघा! दोन्ही कान झाकणारा, मऊ गाद्या, तोंडापाशी माईक. बाहेरचा ठिपकाभर आवाज आत येणार नाही."

"आणि आतला बाहेर?" बाबांनी विचारलं.

"आतला बाहेर कशाला यायला हवा, दादा? भाऊ अण्णांशी बोलेल. तुला काय ऐकायचंय त्यात?"

बाबांनी आपल्या खोक्यातून बशीएवढी एक चपटी, गोल वस्तू काढली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. टेबलावरचा स्पीकर. चारी बाजूंनी आवाज घेतो, चारी बाजूंना देतो. "सगळ्यांना बसून बोलता येईल," ते म्हणाले. "कान जड होत नाहीत, डोक्यावर काही चढवायला नको."

ते का हट्टाला पेटले होते, हे त्यांनी मला मागाहून सांगितलं. काका पहिल्यांदा लांब गेला तेव्हा बाबा शाळेत होते. फोन आला की आजी बोलायची, शेवटी अण्णा ओरडायचे, आणि कॉल संपायचा. बाबा रोज दाराच्या चौकटीला टेकून उभे असायचे आणि त्यांची पाळी यायचीच नाही. "मी फक्त एका बाजूचं ऐकत मोठा झालो," ते म्हणाले. "भाऊ काय बोलायचा, ते मला कधी कळलंच नाही."

आईने सगळ्यात शेवटी पर्स उघडली. तिच्यातून काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी एक काळी डबी निघाली.

"हे काय, वहिनी? साबण?" आत्या म्हणाली.

"अडॅप्टर आहे, वन्सं." आईने 'वन्सं' म्हटलं की समजायचं, हवा तापलीय. "एका बाजूला इंटरनेटची वायर, दुसऱ्या बाजूला साधा घरचा फोन. दवाखान्यात नवे फोन बसवले तेव्हा हा उरला. डॉक्टरांना विचारून आणलाय." आई डोळ्यांच्या दवाखान्यात फोन घेते आणि लोकांना पाळीने आत सोडते. न विचारता तिथली टाचणीही आणणार नाही.

"साधा फोन आता आहे कोणाकडे?" बाबा म्हणाले, आणि म्हणताक्षणीच त्यांचा चेहरा पडला.

कारण फोन होता. हॉलच्या कोपऱ्यात, पुढच्या रविवारच्या सामानात, विक्रीची चिठ्ठी बांधून ठेवलेला. आजीचा काळा फोन. तबकडीचा, लोखंडासारखा जड, कुरळ्या वायरचा.

"तू आईचा फोन काढलास विकायला?" आत्या म्हणाली. अगदी हळू म्हणाली, ते जास्त भयंकर होतं.

"बंद आहे तो! आई गेल्यावर लाइन कापली, त्याला किती वर्षं झाली. धूळ खात पडला होता."

"धूळ मीही खात पडलोय," अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मलाही चिठ्ठी बांध."

मला हसू फुटलं आणि मी ते खोकल्यात लपवलं. बाबांनी मान खाली घातली.

भांडण होणार हे दिसतच होतं. आत्या आणि बाबा एकमेकांविरुद्ध होते, ते आता आईविरुद्ध एक झाले: जुनाट वस्तू, खरखर येईल, कोण दुरुस्त करणार. आई म्हणाली, निदान लावून तरी बघा. अण्णांनी हात वर केला आणि सगळे थांबले. त्यांनी खिशातून हातोडी काढली. लाकडी, मुठीपाशी घासून घासून चकचकीत झालेली. आणि ती माझ्यापुढे धरली.

"पिपाणी," ते म्हणाले. मी तान्ही असताना जशी रडायचे त्यावरून मिळालेलं नाव. "तू पुकार."

मी! मागच्या वर्षापर्यंत वर्गात हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज बाकाखाली जायचा. यंदा कुठे मला कळलंय, की तोंड उघडलं तर आकाश कोसळत नाही. मी हातोडी घेतली. ती दिसते त्यापेक्षा जड आहे.

"आधी नग तपासून घ्यायचे," मी म्हणाले. हे अण्णांचंच वाक्य. "तपासल्याशिवाय बोली नाही."

मी लॅपटॉप घेऊन वरच्या मजल्यावर गेले. ठरलं असं, की मी काका व्हायचं, आणि अण्णांनी खालून माझ्याशी बोलायचं.

पहिला आत्याचा हेडसेट. तो डोक्यावर चढवल्यावर अण्णा वैमानिकासारखे दिसायला लागले म्हणे. मी वरून म्हणाले, "हॅलो, कशी आहे तब्येत?"

"बरी आहे!!" जिन्यावरूनही आलं आणि लॅपटॉपमधूनही. माझ्या कानात मुंग्या आल्या.

"हळू, अण्णा!" आत्याचा आवाज.

"हळूच बोलतोय!!"

त्यांना खरंच तसं वाटत होतं. दोन्ही कान गच्च झाकलेले. आपला आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो, पोचतच नाही असं वाटतं, म्हणून आणखी जोर लावतो, असं ते नंतर म्हणाले. लगेच खोकल्याची उबळ आली. आईने हेडसेट काढून घेतला आणि पाणी दिलं.

दुसरा बाबांचा स्पीकर. त्यात तर वेगळीच गंमत. टेबलावर ठेवलेल्या बशीशी बोलायचं म्हटल्यावर अण्णांची पाठ आपोआप ताठ झाली, छाती पुढे आली, आणि ते हॉलशी बोलतात तसे बोलायला लागले. त्यांचा नियमच आहे: आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायला हवा, तिथल्या माणसालाही बोली लावायचा हक्क असतो. "हॅलो!" ते गरजले. मी वर घाबरून कानावरचे हेडफोन काढून फेकले.

"बंद कर रे ते ताट," आत्या बाबांवर ओरडली.

"ताट नाही ते!"

"मग काय आहे? तुझ्या बशीने अण्णांचा उरलेला घसाही गिळला!"

मी खाली आले तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरलेले. अण्णा मफलर आवळून बसले होते. मग ते पुटपुटले, "राहू दे. चिठ्ठीवर लिहून कळवू." आणि मला एकदम भीती वाटली. तोवर हा सगळा आमचा नेहमीचा तमाशा होता. आता कळलं, की खरंच असं होऊ शकतं. गुरुवार येईल आणि काकाकडे राहील तो फक्त "जेवलास का"चा आरडाओरडा.

आई कोपऱ्यात गेली आणि काळा फोन उचलून आणला. चिठ्ठी तशीच लोंबत होती. तिने पदराने रिसीव्हर पुसला.

"हा कुठून आला, आठवतं ना?" तिने अण्णांना विचारलं. तिला ते माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. पण अण्णांना सांगायला लावायचं होतं.

"हॉटेलचा माल होता," अण्णा सांगू लागले. अगदी हळू, कारण हे त्यांना कधी ओरडून सांगावं लागलेलं नाही. "बंद पडलेलं हॉटेल. त्यांच्या स्वागतकक्षातला फोन. तुमची आई मागे उभी. तिने नुसतं उचलून कानाला लावला, लाइन नव्हती काही नव्हती, आणि हसली. मग मी पुकारायला घेतला. एकाने बोली लावली. जाडजूड माणूस, दिव्याची बैठक करणार म्हणे त्याची. मी म्हटलं, एक वार. दोन वार. आणि मला खोकला आला."

"खोटा," आत्या म्हणाली.

"खराच! हवा तेव्हा येतो एवढंच. पाणी प्यायलो. चष्मा पुसला. तो म्हणतो, अहो, तीन म्हणा. मी म्हटलं, थांबा, अजून योग्य माणूस बोललेला नाही. शेवटी तो कंटाळून निघून गेला."

तिसरा वार न म्हणणं, ही अण्णांची खासियत. घरातल्या निम्म्या वस्तू अशाच खोकल्यातून वाचलेल्या आहेत.

आईने डबीला वायर जोडली, मी नेटवरच्या कॉलचं खातं काढलं, एक नंबर मिळाला. बाबांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "घूं येतंय," ते म्हणाले. "अरे! घूं येतंय!" त्यांनी तबकडी फिरवून बघितली. कर्र करून ती मागे आली. पुन्हा फिरवली. काही नाही.

"या डबीला तबकडी कळत नाही," मी शोधून सांगितलं. "बटणांचा फोन हवा. याच्यावरून आपल्याला लावता येणार नाही. फक्त आलेला घेता येईल."

"म्हणजे भाऊनेच करायला हवा," आत्या म्हणाली. "जो करत नाही तो."

तरीही मी वर पळाले आणि लॅपटॉपवरून तो नंबर लावला. आणि खाली तो वाजला! कर्णकर्कश, लोखंडी, हॉलच्या छताला जाऊन आपटणारी घंटा. मी जन्मात ऐकली नव्हती ती, पण खाली चौघंही जागच्या जागी उभी राहिली. आत्या नंतर म्हणाली, "मला वाटलं आई आता आतून हात पुसत येणार."

अण्णांनी रिसीव्हर उचलला.

"हॅलो," ते म्हणाले.

मी वर बसून वाट बघत होते, कान वाचवायला हेडफोन थोडे दूर धरून. पण हे 'हॅलो' माझ्यापाशी येऊन बसल्यासारखं आलं.

"अण्णा?"

"अगं, बोल की. ऐकतोय."

"तुम्ही... हळू बोलताय."

"हो का?" आणि थोडं थांबून, "अगं हो. मला माझंच ऐकू येतंय यात."

मी चार-चार पायऱ्या गाळत खाली आले. आत्या रिसीव्हर आपल्या कानाला लावून त्यात 'हॅलो, हॅलो' करत होती. मग तिने तो खाली ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"साइडटोन," ती म्हणाली. "आपल्या बोलण्यातला चिमूटभर आवाज आपल्याच कानात परत सोडतात. ऐकू येतो म्हणून माणूस ओरडत नाही. माझ्या ऑफिसच्या हेडसेटमध्ये आहे. दिवसभर वापरते मी! आणि विकत घेताना बघितलंच नाही. मऊ गाद्या बघितल्या."

"या जुन्या फोनमध्ये ते असतंच?" आईने विचारलं.

"असायचंच, वहिनी. तेव्हा लोक फोनवर हळूच बोलायचे."

"अण्णा नव्हते बोलत," बाबा म्हणाले. "याच फोनवर ओरडायचे की. मी दारात उभा असायचो."

सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा कुरळी वायर बोटाला गुंडाळत होते.

"रिसीव्हर तुमच्या आईच्या कानाला असायचा," ते म्हणाले. "ती सोडायची कुठे? मी तिच्या खांद्यावरून ओरडायचो. आज पहिल्यांदा माझ्या हातात आलाय."

मी हातोडी उचलली. आता वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

"तिन्ही नग तपासून झाले! ज्याची बोली मोठी, त्याचा नग. बोला!"

"मी माझा नग मागे घेते," आत्या म्हणाली. "आणि काळ्या फोनवर माझी बोली. दोन आठवडे रात्रीची भांडी."

"अगं, तू इथे राहतेस कुठे?" आई म्हणाली.

"येईन रोज. धुऊन जाईन."

"गच्ची आणि जिना, महिनाभर," आई म्हणाली. "फोन मी आणला होता पुढे."

मग सगळे बाबांकडे बघायला लागले. त्यांच्या स्पीकरची वायर ते नीट गोल गुंडाळत होते. आपली बाजू हरलेल्या माणसाला इतकी नीट वायर गुंडाळताना मी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, पुन्हा तेच, पुन्हा रिसीव्हर एका कानाला आणि मी चौकटीत. मग ते उठले, फोनपाशी गेले आणि विक्रीची चिठ्ठी सोडवू लागले. गाठ सुटेना.

"राहू दे ती," अण्णा म्हणाले.

"अहो, पण—"

"राहू दे. लिलाव संपलेला नाही. आणि भाऊ बोलेल तेव्हा तू इथे बस, माझ्या शेजारी. या रिसीव्हरचा आवाज बाहेर सांडतो. शेजारच्याला सगळं ऐकू येतं."

बाबा बसले. अण्णांच्या शेजारच्या स्टुलावर, गुडघे जुळवून, शाळेतल्या मुलासारखे.

"गच्ची आणि जिना," मी पुकारलं, "एक वार! दोन वार! तीन वार!" आणि हातोडी आपटली.

"गेला नाही," अण्णा म्हणाले.

"काय?"

"आवाज. शेवटच्या बाकापर्यंत गेला नाही. तिसरा वार पडला तुझा. लोकांना तिसराच ऐकायचा असतो."

मला थोडं लागलं ते. पण खरं होतं.

काकाला काय लिहायचं, यावर पुन्हा जुंपली. आई म्हणाली, ऑपरेशनचं लिहा, लगेच करेल. बाबा म्हणाले, अण्णांना शब्द दिलाय. आत्या दोन्ही बाजूंनी बोलली. तेवढ्यात मी फोनचा एक फोटो काढला, चिठ्ठीसकट, आणि खाली लिहिलं: 'काका, आजीचा फोन परत वाजतोय. हा नंबर. करून बघ ना.' आणि कोणाला न विचारता पाठवून दिला.

काका तेव्हा शर्टांना इस्त्री करत होता. हे त्याने मला नंतर सांगितलं. फोटो बघून आधी त्याला राग आला. चिठ्ठी दिसली ना, विकायला काढलाय असं वाटलं. शर्ट झाला. दुसरा घेतला. मग त्याच्या डोळ्यांपुढे आजी आली, हा रिसीव्हर खांदा आणि कान यांच्यात धरून शेंगा निवडत बोलणारी. दुसऱ्या शर्टाची बाही तो जाळता जाळता राहिला. इस्त्री बंद केली. तरी लगेच नंबर लावला नाही, कारण उचलणार अण्णा, आणि उचलला की ओरडणार.

खाली हॉलमध्ये आम्ही बसून होतो. आत्याने केर काढायला घेतला आणि अर्धवट सोडला. अण्णांनी दोनदा रिसीव्हर उचलून घूं ऐकून परत ठेवला.

"उचलू नका हो सारखा," आई म्हणाली. "त्याने लावला तर लागायचा नाही."

तो वाजला तेव्हा सगळेच दचकले. अण्णांनी एक पूर्ण घंटा वाजू दिली.

"हॅलो."

बारीक पण स्पष्ट, रिसीव्हरमधून सांडत आलं, "हॅलो? कोण बोलतंय?"

"मी."

"मी कोण?"

"अरे, मी. अण्णा."



"अण्णा? तुम्ही ओरडत का नाही?" काकाचा आवाज एकदम बदलला. "काय झालंय? खरं सांगा. कोणाला काय झालंय?"

आत्याने तोंडावर हात घेतला. हसायला आलं होतं की रडायला, ते तिलाही कळत नव्हतं. आमच्या घरात कोणी हळू बोललं तर काहीतरी भयंकर घडलंय, असंच समजतात.

"काही नाही रे. घसा दुरुस्तीला टाकायचाय गुरुवारी," अण्णा म्हणाले. "गाठ आहे. काढतील. मग आवाज हा राहील की दुसरा मिळेल, माहीत नाही. म्हटलं, हा आहे तोवर तुझ्याशी बोलून घ्यावं."

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"ओरडू नकोस," अण्णा म्हणाले.

मग काका हसला. नाक ओढल्यासारखं हसला. बाबा स्टुलावर इतके पुढे वाकले होते, की त्यांचं डोकं अण्णांच्या डोक्याला टेकलं होतं. अण्णांनी रिसीव्हर दोघांच्या मधे धरला.

"मला नेहमी वाटायचं तुम्ही चिडलेले आहात," काका म्हणाला. "मी गेलो म्हणून. जेवलास का विचारायचे, तेही असं, की जेवलो हाच गुन्हा."

"अरे, तू शेवटच्या बाकावर," अण्णा म्हणाले. "पार शेवटच्या. तुला ऐकू जायला नको का?"

अण्णांनी विचारलं नाही, लाइन गेली का म्हणून. ते आपल्याच कानातला आपला श्वास ऐकत बसले.

"एकदा पुकारा ना, अण्णा," काका म्हणाला. "जसे आता बोलताय तसेच. हळू."

"काय पुकारू?"

"हाच फोन. चिठ्ठी बघितली मी फोटोत. लिलावात आहे ना?"

अण्णांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली. अण्णा खुर्चीवर सावरून बसले आणि कुजबुजण्यापेक्षा थोड्याच वरच्या आवाजात त्यांनी सुरू केलं.

"नग, टेलिफोन. काळा. तबकडीचा. चालू स्थितीत. मालकीणबाईंनी स्वतः वापरलेला. बोला, काय देता?" ते थांबले. "गच्ची आणि जिना, महिनाभर. घरातलीच बोली आहे. एक वार." त्यांनी श्वास घेतला. "दोन वार."

आणि ते थांबले. त्यांनी पाण्याचा पेला उचलला. एक घोट घेतला. चष्मा काढला, मफलरच्या टोकाने पुसला, परत घातला.

"तीन म्हणा ना," आई कुजबुजली.

अण्णांनी मान हलवली.

"माझी बोली," रिसीव्हरमधून आलं. आवाज फुटला, मग नीट झाला. "बुधवारी येतो. आणि तुम्ही बोलायला लागेपर्यंत सगळ्यांचे बूट पुसतो."

बाबांनी डोळे मिटून घेतले. आत्या केरसुणीसकट खाली बसली. अण्णांनी रिसीव्हर कानापासून काढला, बोलायची बाजू माझ्याकडे वळवली आणि डाव्या हाताने हातोडी माझ्या हातात दिली.

"तिसरा तू," ते म्हणाले. "शेवटच्या बाकापर्यंत."

मी उभी राहिले. पोटातून श्वास घेतला, जसा ते घ्यायचे तसा.

"तीन वार!"

छताला टांगलेली झुंबरं किणकिणली. समोरच्या बिल्डिंगमधली खिडकी उघडली, ती आमची जुनी ओळखीची खिडकी. हातोडीचा आवाज तर माझ्याच आवाजात बुडाला.

अण्णांनी सावकाश रिसीव्हर परत कानाला लावला.

"गेला का रे ऐकू?" त्यांनी अगदी हळू विचारलं.